हौसाबाईंची कंबर आणि चौकोनी सेल

भिवंडीत करंट असला की माणसं त्याला घाबरतात आणि गेला की त्याच्या नावानं बोटं मोडतात. त्यामुळे एक्क्याण्णव साली आमच्या सुचेतानं घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला आणि ‘इथे करंट देऊन दुखणं कमी करतात’ अशी बातमी गावभर झाली, तेव्हा पहिले दोन महिने त्या दवाखान्यात माझ्याशिवाय कोणी बसत नव्हतं. मीही बसायचो ते खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून.

सुचेता माझी मुलगी. मुंबईत फिजिओथेरपी शिकून आली होती. गावानं त्याचं सोपं भाषांतर ‘मालिशवाली डॉक्टर’ असं केलं. मी स्वतः पाणीखात्यातून हेडक्लार्क म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो. नळाला पाणी नाही म्हणून आलेल्या माणसाला ‘व्यवस्था होईल’ असं सांगून घरी पाठवायचं, हे काम मी एकतीस वर्षं चोख केलं. माणूस समाधानानं परत जायचा. पाणी कधीकधी यायचंही.

सुचेताचं करंटचं मशीन म्हणजे साबणाच्या डबीएवढी एक डबी. वर दोन वाटोळी बटणं, त्यातून निघालेल्या दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला काळ्या रबरी पट्ट्या. आत एक चौकोनी सेल, नऊ व्होल्टचा, छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये असतो तसला. पट्ट्या दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना चिकटवायच्या आणि बटण हळूहळू फिरवायचं. कातडीवर मुंग्या चालल्यासारखं होतं आणि दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघालेला असतो तो वाटेतच अडकतो. हे तिनं मला समजावलं तेव्हा मला एका क्षणात पटलं. निरोप वाटेत अडकवण्याचा मला अनुभव होता.

मे महिन्याच्या सुरुवातीला कामतघरचे केसरीनाथ आले. घरामागे शेडमध्ये चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, मोटरसायकल, गळ्यात बोटाएवढी साखळी, आणि मागून रिक्षातून उतरणारी, दोन पावलं टाकून थांबणारी त्यांची आई, हौसाबाई. सत्तरीच्या होत्या. आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी एक बाई लागते. देवांना, वाडवडिलांना ती गाण्यातून मांडवात बोलावते. तिला धवलारीण म्हणतात. कामतघर आणि आसपासच्या निम्म्या जोडप्यांची लग्नं हौसाबाईंच्या गळ्यातून लागली होती. खुद्द केसरीनाथच्या मुलीचं, म्हणजे त्यांच्या नातीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि धवलारणीला बसता येत नव्हतं.

डाव्या कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत कळ. पाच मिनिटं पाटावर बसलं की दोन माणसांनी उठवावं लागायचं. हळदीला दोन तास बसायचं असतं. गोळ्यांनी पोटात आग पडली म्हणून त्या बंद झाल्या. ठाण्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मणक्यातली गादी झिजलीय, घाबरण्यासारखं काही नाही, व्यायाम करा, असं सांगितलं. जन्मभर गुडघाभर चिखलात भात लावलेल्या बाईला हे कोणी सांगितलं, याचाच हौसाबाईंना जास्त राग होता.

केसरीनाथ माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले की नाहीच जमलं तर सोय केलेली आहे, धवल्यांची कॅसेट आणून ठेवलीय, लाउडस्पीकरवर छान वाजते.

हौसाबाईंची कंबर गेली होती. कान शाबूत होते.

“केसऱ्या,” त्या म्हणाल्या, “माझ्या नातीच्या हळदीला डबा गानार न् मी आयकनार? त्यापरीस आधी मना मसनात ठेवून ये, मंग लाव तुजी कॅसेट.”

सुचेतानं त्यांना आत घेतलं आणि प्रश्न सुरू केले. फिट येते का, पाय बधिर पडतो का, कातडीवर कुठे जखम आहे का. छातीत हृदयासाठी काही यंत्र बसवलंय का, असं विचारलं तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, “यंत्र कुठलं गो बाय? या पोरानं घोर बसवलाय तेवडाच हाय.” मग लघवीला काही त्रास होतो का, असं तिनं विचारलं. हौसाबाईंनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जाऊन कॅलेंडरवरची एकादशी शोधली.

पट्ट्या लावल्या, बटण फिरलं. केसरीनाथ बाजूला उभे राहून आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. लूमवाल्या माणसाला करंट कळतो तो आवाजानं आणि झटक्यानं. इथे ना आवाज, ना झटका. त्यांचा धीर सुटला. आणखी वाढवा ना, जरा लागला पाहिजे, म्हणाले.

“लागायला नकोय, काका,” सुचेता म्हणाली. “मुंग्या आल्या की पुरे. पाय उडायला लागला तर समजायचं, जास्त झालं.”

वीसेक मिनिटं गेली. हौसाबाई डोळे मिटून होत्या. मग स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, “कळ हाय. पन लांब हाय. शेलारला गेल्यावानी वाटते.”

शेलार आमच्यापासून फार लांब नाही, पण कमरेच्या मानानं पुष्कळ झालं. केसरीनाथनी तिथल्या तिथे हात जोडले. कोणाला, ते नक्की कळलं नाही. समोर मी होतो.

सुचेतानं मात्र दोघांनाही जमिनीवर आणलं. कळ परत येणार, हे मशीन कळ घालवत नाही, थोपवून धरतं, असं तिनं स्वच्छ सांगितलं. कळ थोपलेली असते तेवढ्या वेळात चालायचं आणि ती दाखवेल ते व्यायाम करायचे. हौसाबाईंनी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्या वाक्याच्या वेळी त्या डबीकडे प्रेमानं बघत होत्या.

मशीन तीन आठवडे कामतघरला राहायचं ठरलं. सुचेताला रोज जाणं शक्य नव्हतं, आता दवाखान्यात खरीखुरी माणसं येऊ लागली होती. म्हणून देखरेखीला माझी नेमणूक झाली. निवृत्तीनंतर मला मिळालेली ही पहिली बढती. सुचेतानं सांगितलेले सात नियम मी माझ्या हेडक्लार्की अक्षरात वहीच्या कागदावर उतरवले. केसरीनाथनी त्याला काचेची फ्रेम करून घेतली आणि लूमच्या शेडबाहेर कवटीचं चित्र असलेली ‘धोका’ अशी पाटी होती, तिच्या शेजारी लावली.

कातडी धुऊन कोरडी करायची आणि खरचटलेल्या जागी पट्टी लावायची नाही, इथून ते नियम सुरू व्हायचे. दोन्ही बटणं शून्यावर असल्याशिवाय पट्टी लावायची नाही आणि शून्यावर आणल्याशिवाय काढायची नाही. मुंग्या चालेपर्यंतच वाढवायचं. एका वेळी अर्धा तास. डोक्याला, छातीला आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीही नाही. मशीन लावून झोपायचं नाही, आंघोळ करायची नाही आणि चालू लूमजवळ जायचं नाही. शेवटचा नियम मी लाल शाईनं लिहिला होता: सुचेताला विचारल्याशिवाय मशीन दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही, हृदयाचं यंत्र बसवलेल्याला आणि गरोदर बाईला तर मुळीच नाही.

हा सातवा नियम कामतघरला फार लागला. आमच्याकडे कोणाच्या घरी शिडी, पाटा किंवा नवीन औषध आलं की ते सगळ्या वाडीचं असतं. चौथ्या दिवशी शेजारच्या राहीबाई दात दुखतो म्हणून ‘थोडा करंट’ मागायला वाटीबिटी न घेता आल्या. हौसाबाईंना वाचता येत नव्हतं, पण नियम त्यांना धवल्यासारखे पाठ झाले होते. डोक्याच्या आसपास लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि वर, “तोंड बंद ठेव जरा, दात आपसूक ऱ्हाईल.”

दहाव्या दिवशी खुद्द केसरीनाथनाच एक कल्पना सुचली. आईचा आवाज जरा बसल्यासारखा वाटत होता. कमरेला एवढा गुण येतो, तर दोन पट्ट्या गळ्याला लावून बघाव्या. मी फ्रेमकडे बोट दाखवलं. ते म्हणाले की नियम कमरेच्या दुखण्याचा असेल, आवाजाचा वेगळा असेल. शेवटी सुचेताला फोन लावला. गळ्याच्या त्या भागात श्वासाची नळी आणि मोठ्या शिरा असतात, तिथे हा करंट दिला तर श्वास अडकेल नाहीतर रक्तदाब एकदम पडेल, असं तिनं समजावलं. केसरीनाथ तरीही ‘थोडाच लावू’ म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, “काका, गळ्याला लावलंत तर हळदीला धवले मला गावे लागतील. आणि मला ते येत नाहीत.” हे त्यांना पटलं. आवाज सुंठीवर सुटला.

बाकी काम चोख चालू होतं. रोज सकाळी मी रिक्षानं जायचो. अर्धा तास मशीन, मग ओट्यापासून शेडच्या टोकापर्यंत चालणं, मग चटईवर व्यायाम, मग पाटावर बसणं. लूमची खडखड इतकी की मी मिनिटं मोजायचो ती बोटांनी दाखवायचो. पाचाची दहा झाली, दहाची वीस. तिसऱ्या आठवड्यात त्या पाऊण तास बसल्या आणि स्वतःच उठल्या. माझा ऊर अभिमानानं भरून आला, जणू मी बसलो होतो. हौसाबाईंनी सगळं श्रेय डबीला दिलं आणि तिला हळदकुंकू वाहिलं. सुचेतानं ते बटणाच्या फटीतून काडीनं काढलं. काडी जरा जोरात फिरत होती.

हळद शुक्रवारी होती. आमच्या लूमवाल्यांचे समारंभ शुक्रवारीच असतात, कारण त्या दिवशी लूमना सुट्टी. आणि सुट्टी अशासाठी की त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाइनच नसते. माणसाला विश्रांती मिळावी म्हणून विजेनं रजा घ्यावी, एवढा विचार कुठल्या गावात होत नसेल.

गुरुवारी सकाळी हौसाबाई म्हणाल्या, “अण्णा, मुंग्या म्हाताऱ्या झाल्या.”

मी बटण पाहिलं. नेहमीपेक्षा दुप्पट फिरवूनही त्यांना फारसं काही जाणवत नव्हतं. सेल उतरला होता. केसरीनाथ मांडवाच्या गडबडीत होते, ते तेवढ्यापुरते येऊन चिंतेनं उभे राहिले. उद्या हळद आणि आज सेल गेला. माझ्या घरच्या ट्रान्झिस्टरमध्ये तसलाच नवा कोरा सेल होता, तो उद्या सकाळी येताना आणायचा, हे मी मनात ठरवूनही टाकलं. तोंडानं मी एवढंच म्हणालो, “व्यवस्था होईल.”

एकतीस वर्षांची सवय. माणसाला कधी सगळं सांगायचं नाही.

तिथे तुळशीराम उभा होता. तो केसरीनाथचा जॉबर, म्हणजे अडलेला लूम चालू करून देणारा माणूस. त्याच्या हाताला गुण होता. मंदिराची घंटा त्यानं मोटर लावून आपोआप वाजती केली होती, जुन्या सायकलच्या चाकाचा पंखा केला होता. जगात जे काही बंद पडतं ते लाइनला जोडलं की चालतं, हा त्याचा धर्म. बायको गेल्यापासून तो दोन्ही वेळा हौसाबाईंच्या हातचं जेवत होता. केसरीनाथ जाताजाता त्याच्याकडे वळून एकच शब्द बोलले: जमव.

भिवंडीतले अर्धे लूम या एका शब्दावर चालतात.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास मी आणि सुचेता कामतघरला उतरलो. माझ्या खिशात सेल होता. अंगणात मांडव, आंब्याची तोरणं, बायकांची गर्दी. लाइन गेलेली होती, पण लग्नघराचा लाउडस्पीकर आणि दिवे शुक्रवार मानत नाहीत. त्यासाठी जनरेटर आणला होता आणि त्याचा मालक दौलत हँडलला हात घालून बाह्या सरसावत होता.

मांडवाच्या मधोमध नव्या हिरव्या लुगड्यात हौसाबाई पाटावर बसल्या होत्या. त्यांच्या पदराखालून एक वायर निघाली होती. चटईवरून, केळीच्या खुंटाला वळसा घालून ती मांडवाच्या दिव्यांच्या बोर्डात गेली होती. मला आधी वाटलं, माइक. मग त्यांच्या मांडीवरची डबी दिसली. तिचं मागचं झाकण नव्हतं. सेलच्या जागेतून दोन तारा बाहेर येऊन त्या वायरीला जोडलेल्या होत्या.

तिकडे दौलतनं हँडल फिरवायला सुरुवात केली.

मी धावलो. नोकरीत असताना मी फाइलमागेसुद्धा कधी धावलो नव्हतो. वाटेत कोणीतरी तांदळानं रेखलेला चौक विस्कटला, कोणाच्या तरी पायावर पाय पडला. बोर्डाजवळ पोचलो आणि कुठली वायर कुठली ते कळेना, म्हणून सगळ्याच ओढल्या. त्याच क्षणाला जनरेटरनं धडधडत दम धरला. मांडवात एकही दिवा लागला नाही. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या हातात रंगीत दिव्यांची अख्खी माळ होती.

सुचेता तोवर हौसाबाईंपाशी पोचली होती. तिनं आधी दोन्ही बटणं शून्यावर आणली, मग पट्ट्या काढल्या, कातडी तपासली, आणि मगच मान वर करून विचारलं, “हे कोणी केलं?”

“मी, मॅडम.” तुळशीराम पक्कड हातात धरून पुढे आला. “डायरेक्ट न्हाय दिला. रेडिओचा ट्रान्सफॉर्मर टाकलाय मधी.”

“टेस्ट केलं होतं?”

“लाइन कुठं होती? जनरेटर लागला की टेस्टिंग होनारच होती.”

“कोणावर?”

तुळशीरामनं हौसाबाईंकडे पाहिलं. मग पक्कड खिशात घातली. मग काढली.

सुचेता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. केसरीनाथना समोर बसवून तिनं सांगितलं की या डबीत सेल असतो तो काही गरीब माणसाची सोय म्हणून नसतो. सेल बिघडला तर मुंग्या थांबतात, त्यापलीकडे काही होत नाही. वायरीनं भिंतीला बांधलेल्या माणसाचं तसं नाही. रेडिओतला जुना ट्रान्सफॉर्मर ऐन वेळी जळला असता, तर लूम चालवतो तो करंट सरळ आजींच्या पाठीत गेला असता. नियमांत हे नव्हतं, ती चूक आपली, असंही ती म्हणाली. ती मुंबईला शिकली होती. पुस्तक लिहिणाऱ्यानं कामतघर पाहिलेलं नव्हतं.

केसरीनाथचा चेहरा भातासारखा पांढरा पडला. “मीच जमव बोललो,” ते म्हणाले.

“अण्णा काल बोलले, व्यवस्था होईल,” तुळशीराम खाली बघत म्हणाला. “मी म्हटलं, अण्णांना या उन्हात कुठं तरास. आपनच करून टाकू.”

माझ्या खिशातला सेल चांगला पावशेराचा झाला. तो मी बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की व्यवस्था कालपासून होती, सांगायची राहिली. त्या दिवसाची मला बढाई मारता येईल अशी ती दोनच वाक्यं.

इथेच एक सांगून टाकतो. त्या सकाळी लाइन असती तर तुळशीरामनं टेस्टिंग आमची वाट न बघता उरकलं असतं. म्हणून पुढच्या आठवड्यात मी वीज कचेरीत गेलो आणि शुक्रवारी लाइन नसल्याबद्दल आभार मानायचे आहेत असं खिडकीवर सांगितलं. क्लार्कनं आभाराचं रजिस्टर नसतं म्हणून ते तक्रारीत नोंदवून घेतलं. महिन्यानं पत्र आलं की आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे, पुन्हा असे होणार नाही. मी ते जपून ठेवलंय. माझ्यापेक्षा वरचढ माणूस त्या खात्यात होता.

तर सेल मी पुढे केला. सुचेतानं तो घेतला नाही. उघडून तारा जोडलेलं मशीन ज्यानं बनवलं त्यानं तपासल्याशिवाय ती कोणाच्या अंगाला लावणार नव्हती. आज नाहीच.

“मंग मी?” हौसाबाई म्हणाल्या.

आतापर्यंत सगळे त्यांच्या पाठीबद्दल बोलत होते, पाठ कोणाची आहे हे विसरून. त्या पाटावर तशाच बसल्या होत्या. नात पिवळी साडी नेसून दारात उभी होती. वाटीत हळद कालवून ठेवलेली होती. आणि दहाबारा जणांच्या नजरा टेबलावरच्या टेपरेकॉर्डरकडे जाऊन आल्या. त्यांत केसरीनाथही होते. हौसाबाईंना ते दिसलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सुचेता त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

“आजी, मंगळवारी व्यायाम झाल्यावर किती वेळ बसलात?”

“पाऊन तास.”

“तेव्हा पट्ट्या लावलेल्या होत्या?”

हौसाबाईंनी आठवून पाहिलं. “न्हाय. काडलेल्या व्हत्या. पन ते डबीनं झाला ना.”

“डबीनं कळ थोपवली. शेडपर्यंत रोज चाललं कोण? डबी?”

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटांनी पंचेचाळीस दाखवलं.

“पाव तास बसा,” सुचेता म्हणाली. “मग उठा, मांडवाला एक फेरी मारा, परत बसा. कळ वाढली तर मला हात करा, लगेच थांबू. दोन तास एकदम कोण बसायला सांगतंय?”

“धवलारीन पाट सोडत न्हाय.”

“कोणी सांगितलं?”

“माज्या सासूनं.”

“सासूबाईंची कंबर दुखायची?”

हौसाबाईंनी बराच विचार केला. “ती मेली तवाबी धडधाकट व्हती,” त्या म्हणाल्या.

“मग तो नियम त्यांच्या कमरेचा झाला.”

बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. राहीबाई असाव्यात, दात दिसला. हौसाबाईंनी पदर खाली घेतला, खाकरल्या, पाटावर नीट सरकल्या आणि गायला लागल्या.

तो आवाज मी तीन आठवडे रोज बोलताना ऐकत होतो, पण गाताना पहिल्यांदाच ऐकला. जनरेटर बंद करायला कोणी सांगितलं नाही, दौलतनं आपणहून केला. पाव तास झाला. सुचेतानं हात पुढे केला, हौसाबाई तो धरून उठल्या. गाणं तोडलं नाही. चालत चालत त्यांनी मांडवाच्या एकेका खांबापाशी एकेका देवाला हळदीला बोलावलं. मागून बायका उठल्या, त्यांच्यामागे झेलकरणी चालू लागल्या, म्हणजे ओळ उचलून धरणाऱ्या. फेरी संपली, त्या बसल्या, चेहरा जरा आवळला, पुन्हा सुटला. नातीच्या कपाळाला पहिली हळद लागली. केसरीनाथ खांबाला टेकून डोळे पुसत होते आणि धुराचं निमित्त सांगत होते. चूल पार मागल्या दारी होती.

त्या घरी पुढे दोन लग्नं झाली. दोन्ही वेळा धवलारणीनं फेऱ्या मारल्या. दुसऱ्या लग्नात मी एका म्हाताऱ्याला मुद्दाम विचारलं, तर ही पूर्वापार चाल आहे, असं त्यानं मला बजावून सांगितलं.

देव झाले, वाडवडील झाले. स्वतःचा गेलेला नवरा झाला, सासूलाही बोलावलं, जरा घाईत. मग हौसाबाई जित्या माणसांवर आल्या. मुंग्यांची डबी आणणाऱ्या डाक्टरीन बायला बोलावलं. सुचेता शेजारीच उभी होती, तरी ती दचकून ‘ओ’ म्हणाली. दिव्यांची माळ तोडणाऱ्या अण्णाला बोलावलं. आणि मग, तिसऱ्या फेरीत, त्यांनी तुळशीरामला हाक घातली.

तो मांडवात नव्हता. शेडच्या मागे, बंद लूमच्या ओळीत जाऊन बसला होता. ओळ एकदा झाली, झेलकरणींनी उचलली. दुसऱ्यांदा झाली. हौसाबाई तिथेच उभ्या राहिल्या, पुढे जाईनात. मला सुचेताचा हात दिसत होता, त्यावर म्हातारीच्या बोटांची पकड आवळत चालली होती. ओळ तिसऱ्यांदा झाली. धवल्यात बोलावलेल्यानं यायचं असतं. देवसुद्धा येतात, असं म्हणतात.

मी शेडकडे जायला निघालो, तेवढ्यात तो आला. तोंड धुतलेलं होतं, पण नीट नाही. केसरीनाथनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हौसाबाईंनी गाता गाताच आपल्या पाटाशेजारची चटई दाखवली. तो बसला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सुचेतानं आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“पाव तास,” ती म्हणाली. “एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.”

दुपारी साडेबाराला हळद पुरी झाली. तोवर तुळशीरामनं घड्याळावरून नजर काढली नाही, पाणी मागितलं नाही, कशाला हात लावला नाही. दर पाव तासानं तो फक्त वाकून हळूच म्हणायचा, “आजी, उटा.”

आणि आजी उठायच्या.